जुनं कुलूप

फॉर्म हिल्कानं भरला, मला न विचारता.
बटाटे सोलता सोलता म्हणाली,
"पॅराग्वेचा एक मुलगा येतोय. वर्षभर राहील."
मी म्हणालो, बरं.
कुह्मो गावात 'बरं' हे तसं लांबलचक भाषण आहे.

डेर्लिस त्याचं नाव. वय सतरा.
बूट आतेभावाचे, दोन नंबर मोठे.
कायानीच्या विमानतळावर त्यानं मिठी मारली
आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून
मी त्याची बॅग उचलली.

बोलायचा. देवा, किती बोलायचा!
शाळेची बस मीच चालवायचो. पहाट,
उणे एकतीस, काचेवर बर्फाची साय,
मागे तेरा पोरं तोंडाला कुलूप लावून,
आणि हा माझ्या पाठीशी
अर्धं फिनिश, अर्धं काय कोण जाणे:
आजीची गाय, नदीपलीकडचा देश, बहिणीचं मोडलेलं लग्न.
बस थांबली तरी गोष्ट थांबायची नाही.

त्याच्याकडे डबाभर हिरवा पाला होता
आणि गाईच्या शिंगाचा पेला.
ऐन जानेवारीत त्यात बर्फाचं पाणी ओतायचं,
एकाच नळीनं सगळ्यांनी प्यायचं.
माझी पाळी आली. कडू, ओल्या गवतासारखं.
मी रीतीप्रमाणे म्हणालो, कीतोस. आभार.
पेला पुन्हा माझ्याकडे फिरकलाच नाही.
रोज एक घोट, रोज आभार, रोज तेवढंच.
तीन आठवड्यांनी हिल्कानं छडा लावला:
त्यांच्यात आभार म्हणजे 'पुरे, आता नको.'
हवं असेल तर गप्प बसायचं.
जे मी जन्मभर घोटून घोटून शिकलो होतो
नेमकं तेच!

जूनमध्ये तो गेला
आणि घराची किल्ली त्याच्या खिशात गेली.
पत्र आलं, पोस्टानं पाठवतो.
हिल्कानं कार्डावर दोनच शब्द लिहिले:
राहू दे.

मग वर्षं.
त्यानं फ्रिज दुरुस्तीचं दुकान काढलं.
लिहायचा, थंडीचं शिक्षण तुमच्याकडचंच.
एकदा आम्हीही गेलो. बेचाळीस अंश.
त्याच्या आईनं मला पंख्यासमोर बसवलं
आणि पाच दिवस कुणाला ती खुर्ची हलवू दिली नाही.

पुढे हिल्का रात्रीची उठून बाहेर जायला लागली,
बर्फात, सपाता घालून,
"बस चुकेल" म्हणत.
तेव्हा मी कुलूप बदललं. आकड्यांचं आणलं,
तिला आठवणार नाहीत अशा आकड्यांचं.
असली कामं हातून होतात. नंतर हातांकडे बघवत नाही.

ती गेली त्या दिवशी त्याचा फोन आला.
अकरा मिनिटं दोघंही काही बोललो नाही.
फोनवर लांबून एक कोंबडा आरवला,
मग एक मोटारसायकल गेली.
एवढं गप्प बसायला तो कधी शिकला?

यंदा मार्चमध्ये पत्र: येतोय. किल्ली आहे माझ्याकडे.

शनिवारभर मी दाराशी बसलो.
जुनं कुलूप गोठ्यातल्या डब्यात होतं, खिळ्यांखाली.
रॉकेलमध्ये भिजवलं, पिसानं तेल घातलं,
चौकटीचं भोक बुजवून पुन्हा कोरलं.
शेजारचा उर्हो येऊन बघत उभा राहिला.
"चांगलं नवं काढून जुनं बसवतोस?"
मी म्हणालो, बरं.

रात्री टॅक्सी थांबली.
मी दिवा लावला नाही, उठलो नाही.
किल्ली आत गेली. अडली.
मला सांगायचं राहून गेलं होतं, दार अजून फुगतं.
तेवढ्यात बाहेरून त्यानं दार जरासं वर उचललं,
गुडघ्यानं ढकललं,
हिल्का ढकलायची तस्संच.

चौकटीतले कोरे स्क्रू त्यानं पाहिले असणार,
दुरुस्तीवाला माणूस. काही बोलला नाही.
केस पिकलेत, बूट आता मापाचे आहेत.
स्वयंपाकघरात जाऊन बर्फ शोधलं,
डबा उघडला.

पेला माझ्याकडे आला.
एक घोट घेतला, परत दिला.
पुन्हा आला.
पुन्हा.