रकाना सतरा

निपाणीत, जत्राट वेशीच्या आतल्या गल्लीत
आक्काताई मांडीवर सूप घेऊन बसलेली,
मी समोर, मांडीवर टॅब.
दोघींची मान सारखीच खाली.

माझे प्रश्न बेंगळुरूहून आलेत,
इंग्रजीतून कानडीत, कानडीतून माझ्या तोंडी मराठीत.
ती म्हणते, "सावकाश इचार बाई,
मोजणी चुकती माझी."

गेल्या तीस दिवसांत घरात आजारी कोण?
"आजारी म्हंजे कसं? झोपून, का बसून?"
सूचनापुस्तिकेत ही फोड नाही.
मी भरते : खोकला, तीन महिने.
तीस दिवसांत तीन महिने बसत नाहीत.
टॅब लाल होतो.

खर्च?
"मागं एकदा छातीचा फोटो काढला.
तीन हजार बिड्या."
रुपयांत सांगा ना.
"रुपये कारखानदाराला ठावं.
छाट निघाली तर साडेतीन हजार धर."
मी गुणाकार करते. उत्तर बरोबर येतं.
दिव्याखाली पानं कापणारी नात
त्यात कुठंच येत नाही.

कार्ड आहे?
आहे. पत्र्याच्या डब्यात, साखरेच्या पिशवीत गुंडाळलेलं.
त्यावर कानडीत अक्कव्वा.
आधारवर आक्काताई.
"बेळगावात म्हणाले, ही तू न्हवंस.
कोल्हापुरात म्हणाले, तूच हाईस, पण कार्ड तिकडचं.
कोगनोळीच्या नाक्याला गाडी थांबली,
तवा बी खोकतच हुते मी."

अंगठा लावून बघितला?
ती उजवा अंगठा उजेडात धरते.
चाळीस वर्षं पान वळून
वेदगंगेतल्या गोट्यासारखा झालेला.
"मशीन म्हणतंय, हितं कुणीच न्हाई."

प्रश्न सतरा. उपचार घेतले नसल्यास कारण :
एक, अंतर. दोन, पैसे. तीन, वेळ नाही.
चार, आजार गंभीर वाटला नाही.
एकच निवडा.
ती हसते, मग खोकते,
खोकला संपेपर्यंत दोन बिड्या मिटून होतात.
आवाज खाली आणून म्हणते,
"चार लिव्ह. सून आतनं ऐकती."

चार.
या महिन्यातला खर्च : शून्य.

हे शून्य कुठं जाणार, मला माहीत आहे.
जूनमध्ये, गार खोलीत, पडद्यावर
एक निळी रेघ उतरत जाईल,
लोकांच्या खिशातून जाणारा पैसा कमी झाल्याची,
आणि ती जिथं जमिनीला टेकेल
तिथं आक्काताई बसलेली असेल, सूप घेऊन.
कुणीतरी म्हणेल, सीमाभागाचं चित्र आशादायक आहे.
मी मागच्या रांगेत बिस्किट बुडवत असेन.

'शेरा' म्हणून एक जागा असते, पंधरा अक्षरांची.
खर्चापुढं मी लिहिलं,
घेतला नाही म्हणून लागला नाही.
टॅबनं शेवटचं 'नाही' कापलं.

निघताना संमतीपत्र. ते खरं तर आधी घ्यायचं असतं.
सही येत नाही. मी शाईची डबी उघडते.
ती अंगठा दाबून धरते, पार मनापासून,
जणू या वेळी तरी.

कागदावर निळा, गोल डाग.
रेघ एकही नाही.
"उमटलं का गं?"

मी वाळेपर्यंत फुंकर घालत राहते.