अम्मा हॉटेलात जेवते

पहिल्यांदाच.
एकाहत्तर वर्षांत बाहेरचं खाल्लं म्हणजे
विडी कारखान्याच्या दारातली एक प्लेट भजी,
तीही चौघींत.

अडकलेला फंड सुटला तेव्हा मी म्हटलं, चल.
म्हणाली, घरात कालवण आहे.
मी म्हटलं, मांजराला घाल.
मांजर आपल्याकडे कुठंय, म्हणाली,
आणि उठून ठेवणीतलं इरकल नेसली.

कुंभारीहून रिक्षा. सबंध रस्ता
तिनं पर्स दोन्ही हातांनी धरलेली,
जशी काही पर्सच जेवायला निघाली होती.

खानावळीत ‘फॅमिली’ म्हणजे
प्लायवूडचं फळकूट, निळा पडदा
आणि पडद्याखालून येणारे-जाणारे पाय.
पलीकडे कुणीतरी टेबलावर हाड आपटत होतं, मन लावून.
मला लाजल्यासारखं झालं.
अम्मा म्हणाली, नळी चांगली दिसते.

पोऱ्या आला. इरण्णा नाव, मिसरूड नुकतंच.
कांदा, लिंबू, शेंगाची चटणी त्यानं न विचारताच मांडली.
‘काय आणू मावशी? काळं, लाल, का खारं?’
अम्मा माझ्याकडे बघायला लागली.
काय हवं, असं तिला कुणी विचारत नसे.
आमच्या घरात विचारायचे, काय आहे.
मग तिनं त्यालाच विचारलं, ‘तू काय जेवलास?’
तो गडबडला. ‘मी? डालचा-भात.’
‘तेच आण. आणि काळं पण.’

वाट बघताना तिची बोटं टेबलावर चालू झाली.
मी मोबाईलमध्ये होते, नीट पाहिलं नाही.

पहिला घास घेतला आणि थांबली.
पंचवीसचा कट्टा ती न मोजता नुसता हातात घेऊन ओळखायची,
तसं काहीतरी जिभेवर तोललं.
‘कारळं आहे यात. जरा जास्तच भाजलेलं.
हे गंगव्वाचं.’
गंगव्वा आमच्या साखर पेठेतल्या चाळीतली.
तिच्या कारळाच्या चटणीवर मी शाळा काढली.
‘अगं, तिनं जन्मात मटणाला हात लावला नाही,
तिचं कारळं रश्श्यात कसं आलं?’

मला काय माहीत.
तोपर्यंत पडदा सारून ती आत गेलीही होती,
उष्ट्या हातानं, सरळ भटारखान्यात.

मैनुद्दीन मामू, खांद्यावर टॉवेल, भुवयांवर घाम.
ती तेलुगूत विचारत होती, तो दखनीत सांगत होता,
कुणाचंच कुठं अडलं नाही.
मसाला भाजायला बाई येते, वळसंगची.
कारळं तिच्या रानातलं.
डालचा त्याच्या आईचा.
‘पण चिंच आधी उकळून घेतोस,’ अम्मा म्हणाली,
‘ती आमची पद्धत.’
‘होगी,’ तो म्हणाला, ‘शेजारीण पद्मशाली होती.’
आणि झाकण काढून तिला तळाचं एक नळीचं हाड
पळीनं उचलून दाखवलं. ते आमच्या ताटात आलं.
बिलात आलं नाही.

भाकरीबद्दल मात्र तिनं ऐकून घेतलं नाही.
मऊ होती. सोलापुरात राहून मऊ भाकरी देतात,
ती कडक तरी करा, नाहीतर चपाती तरी म्हणा.
पुढच्या खेपेला घरून आणीन, म्हणाली,
पापडासारखी वाजणारी.
पुढची खेप तिनं ठरवूनही टाकली होती.

उठताना मला दिसलं:
बडीशेपेच्या वाटीजवळ सात कागदी रुमाल,
बारीक, तिरके गुंडाळलेले,
तोंडं नखानं आत दुमडलेली, सगळ्यांची उंची एक.
फक्त दोरा बांधायचा राहिला होता.

इरण्णानं टेबल पुसता पुसता त्यातला एक उचलला,
उलटापालटा करून पाहिला,
आणि कानामागे खोचून
पाच नंबरला पाणी द्यायला गेला.