रुमाल

पागेसाहेब निवृत्त झाले तेव्हा
मला त्यांनी एकच गोष्ट सोपवली:
जून लागायच्या आत नदीची फाइल आखून ठेव.
अख्खी. सप्टेंबरअखेरपर्यंतची.
मिनिटाला एक ओळ,
पाण्याचा एकही आकडा आलेला नसताना.

मी हसले होते.
दांडिया बाजारात वाढलेला माणूस,
गुजरातीत भांडणारा, मराठीत पाढे म्हणणारा,
एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकायची सवय
थेट डिस्कवर घेऊन आलेला.

"तसंच समज," म्हणाले.
"फक्त इथे रुमाल उचलून फेकणारा उतारू नाही.
ब्लॉक धरले की धरले.
आणि सलग धर.
नाहीतर तुझी विश्वामित्री चार ओळी इथे, नऊ ओळी तिथे,
मध्ये कुणाचं पगारपत्रक,
आणि वाचणारी सुई धावत सुटते,
मांडवात हरवलेली चप्पल शोधावी तशी."

एका आज्ञेत होतं सगळं.
डिस्क काहीच लिहीत नाही खरं तर,
आपल्या वहीत नोंदवते फक्त: ही जागा दिली.
मग उघडून बघा, शून्य. शून्य. शून्य.
खाली पडलेलं असतं गेल्या वर्षीचं टेंडर,
कुणाच्या तरी निरोपसमारंभाचे फोटो,
पण ते आता दाखवायचं नसतं.
शून्य हे तिथलं सौजन्य.

जुलैत भद्रेशभाई आले, पुलावरच्या कॅमेऱ्यांचे.
"बेन, आ फाइल तो खाली छे ने? काढी नाखो ने."
खाली नाही, म्हटलं. धरलेली आहे.
"कोना माटे?"
मी खिडकीकडे बोट केलं.
ते बघत राहिले, खिडकीतून तेव्हा
गुडघाभर पाणी दिसत होतं, आणि एक म्हैस.

कुणीतरी असंच विचारलं असेल कधी
नगररचनेच्या टेबलावर, नकाशा पसरून.
काठाचा हा पट्टा तर रिकामाच आहे ना?
वर्षातले दहा दिवस लागतो कुणाला तरी,
ते तरी दरवर्षी कुठे?
आणि टेबलाच्या पलीकडे
नाही म्हणणारं कुणी बसलेलं नसेल.
आता तिथे लॉन आहे लग्नाचा,
दोन तळघरं गाड्यांसाठी,
सोळाव्या मजल्यावरून नदी छान दिसते म्हणे.

त्या रात्री एक चाळीसला डिस्क भरली.
कॅमेरे पाऊस साठवत बसले होते, काळा,
सगळ्या बाजूंनी सारखाच पाऊस.
मग कॅमेरे थांबले. टपाल थांबलं.
हजेरीपट ओळीच्या अर्ध्यात तुटला.
लाल अक्षरांत: जागा शिल्लक नाही.
मुळासाठी राखलेले पाच टक्के होते
म्हणून मी आत तरी येऊ शकले.

आणि आत, सर्व्हर धापा टाकत असताना,
नदी आपल्या जागेवर बसत होती.
दोन बावीस. दोन तेवीस.
शून्य पुसून आकडा, शून्य पुसून आकडा,
कुणाला धक्का न लावता,
उशिरा येऊनही मांडलेलं पान मिळालेल्या
पाहुण्यासारखी.

तीनला फोन वाजला. पागेसाहेब.
निवृत्तीचे पैसे घालून त्यांनी फ्लॅट घेतला होता
अकोट्याला, पहिला मजला, काठाशीच.
"लिहिली जातेय ना?"
हो. एकही मिनिट गळलेलं नाही.
"छान." मग बराच वेळ नुसतं पाणी ऐकू आलं.
"इथे जिन्याच्या पाच पायऱ्या गेल्या.
खाली गाड्यांच्यात एक मगर आहे,
वॉचमन म्हणतो, मला दिसली नाही.
शोधत असेल काहीतरी."

साहेब, वर जा, गच्चीवर.
"जातो. तू सांग, आत्ताचा आकडा किती?"

मी वाचून दाखवला.
त्यांनी तो पुन्हा एकदा म्हटला, पाढ्यातला म्हणावा तसा,
आणि म्हणाले, "सहावी."