उजवी बाजू

रामबागेत, रात्री साडेदहाला,
बाबा विजेच्या बिलाच्या पाठीवर
दोन रकाने आखतात.
एकीकडे इथलंच सरकारी. सिटी बसने वीस मिनिटं,
फी मामाच्या जुन्या स्कूटरइतकी,
नाव सांगितलं की लोक ‘अच्छा’ म्हणून
पुढच्या विषयावर जातात.
दुसरीकडे मंगळूर. तिथे भुवया वर जातात,
आणि फीचा आकडा रकान्यात मावत नाही,
शेवटची दोन शून्यं समासात सांडतात.

आई विचारते, तिथे जिरावण मिळेल का?
तिचा एवढाच मुद्दा.
तो कुठल्या रकान्यात लिहायचा
बाबांना कळत नाही.

मी गप्प. मला समुद्र हवाय, खरं सांगायचं तर.
दात कुठलेही चालतील.

बाबा शेवेची चिमूट तोंडात टाकतात,
डावीकडे. कित्येक वर्षं
सगळं डावीकडेच.
“दाखवा ना मला.”
“आधी शीक तरी,” म्हणतात,
पण टॉर्च हातात देतात,
आ करतात.

मागे, उजवीकडे, एक काळं भोक,
त्यात अडकलेली बडीशेप.
मी बघत राहते.
बाबा काहीतरी विचारतात,
तोंड उघडंच ठेवून,
त्यामुळे नीट कळत नाही.