एकशेतीसचं जेट

वाळपईच्या आमच्या गॅरेजात
इनासबाबांची लाल मारुती ढकलत आणली त्या दिवशी
मी मागच्या दारात कुळीथ निवडत होते.
सगुण म्हणाला, हिला आता पेट्रोल नको,
इथेनॉलवर चालवायची.
म्हणजे दारू?
म्हणजे दारूच. पण पिता येत नाही,
विष घातलेलं असतं तीत.
मी उगाच घड्याळाकडे पाहिलं.
दुपारचे अडीच.

इनासबाबांना वाटलं होतं फेणीवर भागेल.
बाग त्यांची, भट्टी त्यांची,
वैशाखात काजूचा रस ओहोळासारखा वाहतो.
सगुण हसला :
वीस ग्रावाची फेणी, बाब, अर्ध्याहून जास्त पाणी.
तिच्यावर माणूस चालतो,
इंजिन नाही चालत.

शेवटी चोर्ला घाट उतरून एक निळा कॅन आला
आणि आमच्या पडवीत,
जिथे नऊ वर्षांपूर्वी मी बाटल्या मोजायचे,
तिथेच ठेवला गेला.

तेव्हा मी कॅलेंडरवर पेन्सिलीने फुल्या मारायचे.
नीट घरी आला तो दिवस कोरा सोडायचा.
फुल्यांना गर्दी व्हायची, गणपतीतसुद्धा.
मग एका मंगळवारी फुल्या थांबल्या,
का ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
आताच्या कॅलेंडरवर त्याचे आकडे आहेत :
११०. ११८. १२५.
कार्बोरेटरमधलं पितळी जेट,
त्याचं भोक तो वाढवत नेतो,
ड्रिल मशीनला न लावता, दोन बोटांत धरून,
श्वास रोखून.
दारूला हवा कमी लागते, तो म्हणतो,
म्हणून ओतावी लागते जास्त, जवळजवळ दीडपट.
मला हे ठाऊक होतं असं मी म्हटलं नाही.

पहिल्या आठवड्यात फिल्टर तीनदा तुंबला.
टाकीत वीस वर्षांचा साका बसलेला,
पेट्रोलनं त्याला कधी हात लावला नव्हता,
हिनं तो सगळा सोडवून पुढे आणला.
काळा, चिकट.
रबरी पाईप फुगले, बदलले.
टोपी-गॅस्केट बदललं.
इनासबाब रोज संध्याकाळी येऊन विचारत, जालें?
आणि सगुण म्हणे, आधी जुनं निघूं दी.

रात्री त्याचा शर्ट मी नाकाशी धरायची.
तोच वास.
वासाला कुठे कळतं कुणी प्यालं आणि कुणी सांडलं.
मी काही बोलले नाही. तोही.
फक्त जेवताना हात जरा लांब धरून बसायचा.

मग एक दिवस त्यानं मला हाक मारली.
गाडी चालू होती, मागून धूर.
जरा ये. वास घे.
मी?
तुझं नाक पक्कं आहे, तो म्हणाला,
आणि लगेच बॉनेटमध्ये वाकला.

मी धुराशी वाकले, डोळे चुरचुरले.
किती वर्षं दारात, उंबऱ्यावर, उशीवर
हा हिशेब केला होता मी,
कच्ची किती, पचलेली किती.
जास्त होतेय, मी म्हटलं. न जळताच जातेय.
त्यानं जेट काढलं, उजेडात धरलं.
एकशे पस्तीस.
मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही,
नवं जेट घ्यावं लागलं,
डिचोलीहून मागवलं, दोन दिवस गेले.

एकशेतीसवर गाडी शांत झाली.
मी परत वाकले : आता बरं.
फक्त पौषातल्या पहाटे ती रुसते, तेव्हा
ठिबकभर पेट्रोल दाखवावं लागतं,
ती बाटली इनासबाब खिशात ठेवतात,
आणि लिटरमागे पूर्वीच्या अठराला तेरा,
याचं त्यांना दुःख आहे.

कॅलेंडरवर तो आकडा मी लिहिला, पेन्सिलीनं,
माझ्या अक्षरात.
शर्ट मात्र अजून वेगळाच भिजवते.