माणसांना बंदी

रॉचडेलच्या या गिरणीत आता सूत नाही.
चार मजले बाथरूमच्या फरशा,
आणि जिथं इंजिनाचे दोर वरपर्यंत पळायचे
त्या अरुंद उभ्या पोकळीत आमचा कन्व्हेयर:
दोन साखळ्या, एक पोलादी पाट, पिवळी जाळी.
दारावर पाटी. फक्त माल. माणसांना बंदी.

साडेसहाशे किलो तो एका दमात वर नेतो,
फक्त चौथ्या मजल्यावर टेकताना
त्याला एक उचकी लागते.
दर गुरुवारी मी वंगण देतो, साखळीचा ताण बघतो,
खालच्या खड्ड्यात उतरून गोळा करतो
फरशांचे टवके, एकटा हातमोजा,
एकदा तर वाढदिवसाचं कार्ड, न उघडलेलं.

चौथ्यावर माल उतरवून घ्यायची हिल्डा एन्टविसल.
गुडघे गेलेले. पायऱ्या अठ्ठ्याऐंशी.
तिची आई याच मजल्यावर धागे जोडायची.

सकाळी हिल्डा डबा, छत्री, कोट पाटावर ठेवायची,
बटण दाबायची,
आणि कठडा धरून जिना चढायला लागायची.
बावीस सेकंदांत कोट वर.
ती पोचेपर्यंत तो तिची वाट बघत बसलेला,
कोरडा, घडी न मोडलेला,
जणू खरी हिल्डा केव्हाच कामाला लागली
आणि ही धापा टाकत येणारी दुसरीच कुणी.

एकदा गमतीत म्हटलं, बसा की, कोण बघतंय.
ती पाटाकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ.
मग म्हणाली, "आणि पावतीवर काय लिहिशील, बाळा?
नाजूक माल?"

मार्चमध्ये तिचा शेवटचा दिवस झाला.
वरून खाली आलं: मग, रेडिओ, खुर्चीची उशी.
मी जाळी उघडून उभा राहिलो.
ती आली बऱ्याच वेळानं.
उतरायला जास्त लागतं, म्हणाली.

त्यानंतर उचकी वाढली.
ब्रेकचे पॅड बदलले, मोटर खोलून पाहिली,
रिकामा पाट बारा वेळा वर-खाली केला.
आमच्या घरी उचकी थांबेना की
एकेक नाव घेऊन बघायचे,
बरोबर नावाला ती थांबायची.
आजूबाजूला कुणी नाही बघून
मी तिचं नाव घेतलं.

थांबली नाही.
आईचं नाव तिनं सांगितलं नव्हतं.
आणि बाकीच्यांची मला कुठली ठाऊक असणार.

वहीत लिहिलं:
दोष सापडला नाही. चालू ठेवला.