चार चाळीसचा दात

वेल्ह्याच्या अलीकडे, पासलकरांच्या पडीक खाचरात
आम्ही चुंबकमापक पुरला त्याला सहा वर्षं झाली.
पुण्यात त्याच्यासाठी जागा उरली नव्हती:
लिफ्ट, बोअरचे पंप, कुणाचं तरी सरकतं गेट.
लोखंड हललं की सुई दचकते.
(आता सुई नसते. सवयीनं म्हणते.)
खड्ड्यात फरशी, फरशीवर पितळी स्क्रू,
आणि पासलकरांना एकच अट:
जवळ जाताना कमरेला कोयता नको.
"पाच बोटं तेवढी घेऊन जातो," म्हणाले.

पाषाणला, माझ्या टेबलावर, त्याची रेघ येते.
रोज पहाटे चार चाळीसला तिला एक दात फुटतो,
जेमतेम दोन-अडीच नॅनोटेस्लाचा.
सोपान दारवटकरचा दुधाचा टेम्पो
बांधाकडेनं जाताना
पृथ्वीला हळूच कोपर मारून जातो.
मी तो दात काढते.
नोंदवहीत लिहिते: टेम्पो. काढला.

त्या रात्री साडेअकराला रेघ एकदम वर उडाली.
सूर्याकडून निघालेला लोट दोन दिवसांनी पोचला होता,
उशी दाबावी तसं
चुंबकावरण उजेडाच्या बाजूनं आत दबलं.
मग उतार.
पृथ्वीभोवती विजेचं कडं जाड होत गेलं
आणि रेघ तासातासाला खचत गेली,
दीडशे, एकशेऐंशी, दोनशेदहा.

बाहेर काहीच नाही.
टेकडीवरच्या टॉवरचा लाल दिवा, दोन कुत्री,
आभाळ होतं तिथंच.
पासलकरांना उठवलं. ते अंगणात जाऊन आले.
"चांदण्या आहेत ताई. त्यापण रोजच्याच."

तीननंतर त्या सुरू झाल्या,
खचलेल्या रेघेच्या पोटात मंद लहरी,
एका हेलकाव्याला पाच मिनिटं.
दोघींनी टोकं धरून ओलं लुगडं झटकावं
तशा बलरेषा हलत होत्या:
एक टोक उत्तरेत रुतलेलं, एक दक्षिणेत,
आणि पोट कुठंतरी हजारो किलोमीटर वर, काळोखात.
एका झटक्यात मी चहा केला, गाळला.
दुसऱ्या झटक्यात तो विसरले.

त्या लुगड्यात इलेक्ट्रॉन.
त्यांचीही पृथ्वीभोवतीची फेरी मिनिटांचीच.
ज्याची फेरी लहरीच्या तालात पडते
त्याला प्रत्येक वळणावर पाठीशी हात मिळतो,
झोपाळ्यावरच्या पोराला मिळतो तसा,
आणि तो इतका चढतो
की पुढे एखाद्या उपग्रहाची स्मृती जाळून जातो.
बाकीचे नुसते डुलतात.
काहींना हात समोरून लागतो, ते मंदावतात.
हाच का, तो का नाही?
मी विद्यार्थ्यांना फळ्यावर तीन ओळींत दाखवते.
तिन्ही ओळींचा अर्थ एवढाच:
वेळेवर असणं.

वेळेवर, असं मनात आलं आणि घड्याळ पाहिलं.
चार त्रेपन्न.
रेघेला दात नव्हता.

लहरी वजा केल्या. उतार वजा केला.
आख्खं वादळ बाजूला काढून ठेवलं
आणि चार चाळीसच्या आजूबाजूला
सेकंदासेकंदानं चाचपत राहिले,
दाढ काढल्यावर जीभ जाते तशी.
गुळगुळीत.

सातला पासलकर म्हणाले,
"सोपान? त्यानं टेम्पो विकला की काल.
तुमच्याच पुण्यात आलाय.
फोनवरून जेवण मागवतात ना, ते पोचवतो.
बाणेरला का कुठं."

वादळ चौथ्या दिवशी ओसरलं.
कडं झिजलं, रेघ जागेवर आली,
अहवालात लहरींना एक पान मिळालं, दोन आकृत्या.

हल्ली रात्री खिडकीखालून दुचाक्या जातात
बाणेरच्या चढाकडे, एकामागे एक,
पाठीवर चौकोनी पेट्या.
याच खडखडाटापासून तर आम्ही साठ किलोमीटर पळालो होतो.
तो त्यातच आहे कुठंतरी,
इथं त्याला मोजायला काही नाही.

नोंदवहीत त्या तारखेपुढे मी लिहिलं: दात नाही.
सही करताना विभागप्रमुखांनी विचारलं,
कसला दात?